डॉक्टर चिडतील म्हणून दुसरीकडे विचारायचंच नाही का?

पत्र थोडक्यात असं:

"मावशी, माझी मुलगी 11 महिन्यांची आहे. बिलिअरी अ‍ॅट्रेशिया म्हणजे पित्तनलिका बंद असण्याचा आजार निघाला, अडीच महिन्यांची असताना पित्त वाहावं म्हणून आतडं लिव्हरला जोडायचं 'कसाई' नावाचं ऑपरेशन झालं पण कावीळ काही गेली नाही. आता डॉक्टर लिव्हर ट्रान्सप्लांट सांगतायत आणि डोनर बहुतेक मीच. सासरे म्हणतात हे प्रयोग करतायत पोरीवर, आणखी एका ठिकाणी दाखवा. नवरा म्हणतो ज्यांनी हिला पहिल्यापासून सांभाळलं त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा का, उद्या चिडले तर जायचं कुठे? मला दोघांचंही पटतं. आणि खरं सांगू, कुणीतरी 'गरज नाही' म्हणावं असंच मनातून वाटतंय. – एक आई"

अगं, ते शेवटचं वाक्य लिहिलंस ते फार बरं केलंस. सेकंड ओपिनियन घे, जरूर घे, पण ते "नाही" ऐकायला घेणार असशील तर दुसऱ्याने "हो" म्हटल्यावर तू तिसऱ्याकडे जाशील, मग चौथ्याकडे, आणि तोवर पोरीचं लिव्हर काही तुझ्यासाठी थांबणार नाही. असं झालेलं मी पाहिलंय म्हणून आधीच सांगतेय.

सासऱ्यांना एवढं सांग की प्रयोगाचे दिवस कधीच गेले. माणसावर पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं 1963 मध्ये, 3 वर्षांच्या मुलावर, आणि आजार हाच होता. ते मूल वाचलं नाही, तेव्हा खरंच प्रयोग होता तो. आईच्या लिव्हरचा तुकडा बाळाला बसवायचं ऑपरेशन 1989 पासून यशस्वी होतंय, आता ते रुळलेलं आहे. धोका नाही असं म्हणत नाहीये मी, पण 'प्रयोग' हा शब्द चुकीचा आहे.

दुसरं म्हणजे कसाई फसलं याचा दोष स्वतःला देत बसू नकोस. ते 60 दिवसांच्या आत झालं तर जास्त चांगलं हे खरं, पण अगदी वेळेत केलेल्या कितीतरी मुलांनाही पुढे ट्रान्सप्लांट लागतंच. ऑपरेशननंतर 3 महिन्यांत बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ दाखवणारं प्रमाण) 2 च्या खाली आलं तर पित्त नीट वाहायला लागलंय असं समजतात, तुझ्या लेकीचं आलं नाही, म्हणजे तुमचे डॉक्टर काही हवेत बोलत नाहीयेत. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरला "करायचं की नाही" एवढंच विचारून परत येऊ नकोस. आत्ताच का? दोन महिने वजन वाढवून मग केलं तर चालेल का, की तेवढ्यात आणखी बिघडेल? तुमच्याकडे एवढ्या लहान बाळांची वर्षाला किती ऑपरेशनं होतात आणि त्यातली वर्षभराने किती ठीक असतात? हे विचारायला लाजायचं नाही. मोठ्या माणसांची ट्रान्सप्लांटं शेकड्यांनी करणारी टीमसुद्धा बाळांच्या बाबतीत नवखी असू शकते, त्यांच्या रक्तवाहिन्या केवढ्याशा असतात!

आता डॉक्टर चिडतील त्याबद्दल. माझ्या भाच्याला किडनी बदलायला सांगितली होती, 6 वर्षांचा होता, तेव्हा आम्हीपण असंच घाबरून गुपचूप दुसरीकडे गेलो. कॅरीबॅगमध्ये कोंबलेले रिपोर्ट, अर्धे मोबाईलमध्ये फोटो काढलेले, त्यातला एक उलटा आणि एकावर माझ्याच अंगठ्याची सावली. त्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, बायोप्सीच्या स्लाइड्स कुठेत? आम्ही एकमेकांकडे बघतोय. स्लाइड्स, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याच्या काचा, अर्थातच पहिल्या हॉस्पिटलात. मग सगळं रक्त पुन्हा काढलं, पोराच्या दोन्ही हातांना शीर सापडेना, तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तो रडलापण नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, ते अजून आठवतं. शेवटी तोंड पाडून पहिल्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, अहो आधी सांगायचं ना, मीच फोन केला असता. आणि दहा मिनिटात पत्र लिहून दिलं.

म्हणून तू सरळ जाऊन सांग, "डॉक्टर, निर्णय मोठा आहे, आम्हाला अजून एक मत घ्यायचंय, कागद द्याल का?" एवढं पुरतं. जो डॉक्टर यावर चिडेल त्याच्या हातात पोरीला बेशुद्ध करून द्यायचंय का, हे नवऱ्याला विचार. बहुतेक कुणी चिडत नाही, रोज ऐकतात ते.

कागद म्हणजे नुसते डिस्चार्ज कार्ड नाही हं. कसाईच्या ऑपरेशनच्या नोट्स, बायोप्सीच्या स्लाइड्स, स्कॅनची सीडी (नुसता छापील रिपोर्ट नको, फोटो त्यांना स्वतः बघायचे असतात), आणि सुरुवातीपासूनचे बिलिरुबिन, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तारखेप्रमाणे एका पानावर. वजन-उंचीपण लिही, कारण 12 वर्षांखालच्या मुलांची निकड मोजायला जो पेल्ड स्कोअर काढतात त्यात वाढ खुंटलीय का हेही धरतात. लसी कुठल्या झाल्या तेही. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी ट्रान्सप्लांटआधीच उरकायच्या असतात, नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना त्या शक्यतो देत नाहीत, आणि त्या धावपळीत हे हमखास राहतं.

आणि दिवस ठरवून घ्या. डॉक्टरांना विचारा "आमच्याकडे किती वेळ आहे?" ते म्हणतील तेवढ्यातच दुसरं मत, आणि त्या काळात इथल्या तपासण्या थांबवायच्या नाहीत, दोन्ही बरोबर चालू देत. मधेच ताप आला, उलटीत रक्त दिसलं, शी काळी झाली किंवा पोर नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटली तर ओपिनियन बिपिनियन राहू दे, थेट हॉस्पिटल गाठ.

दोघांचं मत वेगळं पडलं तर कोण जास्त गोड बोललं त्यावर ठरवू नका. पहिल्याला सांगा की दुसरे असं म्हणतायत, तुम्हाला ते का पटत नाही? उत्तर देतानाच कळतं कुणी फाइल नीट वाचलीय. जमलं तर दोघांना आपसात बोलायला लावा.

तुझ्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे, "डोनर बहुतेक मीच". बाळासाठी लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग घेतात आणि उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत बरंचसं वाढून येतं, पण पोट तुझंही उघडणार आहे आणि धोका शून्य नाही. तुला तपासणारा डॉक्टर लेकीच्या टीमपेक्षा वेगळा असावा, त्याच्याशी एकटीने बोल, नवरा-सासरे बाहेर बसू देत. भीती वाटत असेल तर तिथे सांग, नाही म्हणायचाही हक्क आहे तुला, त्याने तू वाईट आई होत नाहीस. शिवाय ऑपरेशननंतर काही आठवडे तुला तिला उचलता येणार नाही, तेव्हा तिच्याजवळ कोण राहणार हे आत्ताच ठरवा.

आणि हो, लेकीचा सगळा हिशोब लिहिलास पण स्वतःचा ब्लड ग्रुप लिहायचा राहिला. तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लाव, दुसरा डॉक्टर तो विचारणारच.

– मावशी