मातीवरचा हात आणि मोगऱ्याची वेळ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या परिसरात राहते. घराजवळचा एक गाळा भाड्याने घेऊन तेथे मातीची भांडी घडवते. एक विजेचे चाक आणि एक लहान इलेक्ट्रिक भट्टी एवढाच पसारा आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत ऑर्डरींचा इतका रेटा असतो की चाकावर बसले तरी मन थाऱ्यावर नसते, आणि मन थाऱ्यावर नसले की मातीचा गोळा मध्यावर येत नाही. सकाळी येऊरच्या जंगलात चालून आले किंवा गॅलरीतल्या मोगऱ्याजवळ थोडा वेळ बसले की हात निवतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. घरचे मात्र याला कामाची टाळाटाळ म्हणतात. हा केवळ मनाचा खेळ आहे का? आणि ही प्रेरणा भांड्यात उतरवायची कशी? पाने-फुले मातीत दाबून पाहिली, पण ते सारे भेटकार्डासारखे दिसते.

उत्तर : घरच्यांची समजूत घालायची असेल तर आधी थोडे शास्त्र हाताशी असू द्या. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूतल्या थॅलॅमस या टप्प्यावरून पुढे जाते. वासाचा संदेश मात्र तो टप्पा न घेता भावना आणि स्मरण यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत पोहोचतो, म्हणून फुलाचे नाव आठवण्याआधीच आपली मनःस्थिती पालटलेली असते. हिरवाईबद्दल सांगायचे तर, रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, खिडकीबाहेर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. तेव्हा याला मनाचा खेळ म्हणायला हरकत नाही. परंतु चाकावर बसणाऱ्याचे निम्मे काम मनावरच चालते, हे घरच्यांनाही मान्य व्हावे.

तरीही शांत वाटणे हा या झाडांचा मुख्य उपयोग आहे असे मला वाटत नाही. सुगंधी झाडे कुंभाराला वेळ पाळायला लावतात, आणि घाईच्या दिवसांत तुमच्या हातून निसटते ती वेळच. मोगरा संध्याकाळी उमलतो, रातराणीला अंधार पडल्याशिवाय वास सुटत नाही, पारिजातक रात्री फुलून पहाटे गळतो, आणि कितीही मोठी ऑर्डर आली तरी यांतले कोणीही आपली वेळ बदलत नाही. मातीचेही असेच आहे. आज चाकावरून उतरवलेला वाडगा लेदर हार्ड, म्हणजे चामड्यासारखा अर्धवट आवळलेला, झाल्याशिवाय त्याचा तळ कोरता येत नाही, आणि ठाण्याच्या श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत त्या अवस्थेला यायला तो आपल्या मर्जीप्रमाणे वेळ घेतो. ओल राहिलेले भांडे भट्टीत गेले तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होऊन भिंत फुटते. वरून खडखडीत वाळलेल्या मातीतही रासायनिक बंधात अडकलेले पाणी असतेच, ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान बाहेर पडते. त्यातच ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झ या खनिजाची रचना बदलून तो एकदम प्रसरण पावतो. या टप्प्यांवर आच सावकाशच चढवावी लागते. दिवसभर केलेल्या घाईचा हिशेब भट्टी असा रात्री चुकता करते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सुगंधाला विरंगुळा न मानता कामाच्या वेळापत्रकात जागा द्यावी. सकाळी फिरून आल्यावर चाकावरचे काम करावे, आणि संध्याकाळी फुलांचा वास सुटू लागला की नवा गोळा चाकावर ठेवू नये. त्या वेळी काठ तपासणे, कान जोडलेली भांडी प्लॅस्टिकने झाकणे, उद्या ज्यांचा तळ कोरायचा ती बाजूला काढणे, एवढेच करावे. नाकाला कोणत्याही वासाची काही मिनिटांतच सवय होते आणि मग तो जाणवत नाही. त्यामुळे गाळ्यात दिवसभर उदबत्ती किंवा सुगंधी तेल जळत ठेवण्यात अर्थ नाही. बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याला अर्थ आहे.

येथे एक अडचण आहे, ती तुमच्या ध्यानात आली नसावी. तुमच्या धावपळीचे दिवस भाद्रपद-आश्विनातले, आणि मोगऱ्याचा खरा बहर चैत्र-वैशाखातला. म्हणजे ज्या काळात त्याची सर्वाधिक गरज असते त्या काळात तो जवळजवळ फुलत नाही. त्या दिवसांसाठी पारिजातक योग्य. तो कुंडीपेक्षा जमिनीत बरा वाढतो, तेव्हा सोसायटीच्या आवारात लावता येतो का ते पाहावे. दारापाशी गवती चहाची एक कुंडी असावी, कारण त्याला फुलण्याची वाट पाहावी लागत नाही, पाते चुरगळले की काम झाले. रातराणीचा वास बंद जागेत डोके धरतो, शिवाय ती विषारी आहे; घरात लहान मुले असतील तर ती लावूच नये.

कुंड्या गाळ्याच्या आत ठेवू नयेत, हेही आग्रहाने सांगतो. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती पानांवर बसते आणि झाड हलले की पुन्हा हवेत उडते. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास सिलिकोसिस होतो. त्यामुळे गाळा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा आणि झाडे खिडकीबाहेर ठेवावीत. पश्चिमेची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण आपल्याकडे दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि संध्याकाळचा वास आपोआप आत येतो.

आता भेटकार्डाबद्दल. मोगऱ्याच्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की त्यांचा ठसा धड उमटत नाही, आणि उमटला तरी त्यातून फुलाची ओळख सांगण्यापलीकडे काही साधत नाही. फूल हातात घेऊन ते कसे बांधलेले आहे ते पाहा. अनंताची उमलण्याच्या बेतातली कळी घ्या : तिच्या पाकळ्या एकमेकींवर चढून पीळ घातल्यासारख्या वर जातात, आणि चाकावर भिंत वर ओढताना तुमच्या बोटांच्या ज्या रेघा उमटतात त्यांचीही चाल अशीच फिरत वर जाणारी असते. बहुतेक जण त्या रेघा पट्टीने घासून पुसून टाकतात. एखाद्या उभट भांड्यावर त्या ठेवाव्यात, वरच्या टोकाशी किंचित दाट होऊ द्याव्यात, आणि वर फूल चिकटवण्याच्या फंदात पडू नये. मोगऱ्याच्या कळीचे पोट कोठे सर्वात फुगते आणि तेथून ती किती वेगाने निमुळती होते, हे पाहिले की लहान फुलदाणीच्या गळ्याचा प्रश्न सुटतो. पारिजातकाकडून रंगाची वाटणी घ्यावी. पांढऱ्या पाकळ्यांच्या मानाने त्याचा केशरी देठ अगदी थोडा असतो, म्हणूनच तो उठून दिसतो. लाल मातीच्या भांड्यावर पांढरी स्लिप (पाण्यात पातळ केलेली माती) आणि पारदर्शक ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) देऊन तळाशी दोन बोटे माती उघडी ठेवली तर हेच प्रमाण साधते. ठसाच हवा असेल तर पारिजातकाचे पान वापरावे. ते खरखरीत असते आणि किंचित आवळलेल्या मातीच्या पाटीवर शिरांची बाजू खाली करून दाबले तर बारीक दाणेदार पोत उमटतो. पान भांड्यातच जळू द्यायचे असेल, तर भट्टीची खोली हवेशीर ठेवावी.

येऊरहून मात्र पान, फूल किंवा मातीचे ढेकूळही आणू नये. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, तेथून काही नेणे हा गुन्हा आहे. शिवाय तेथे पाहण्यासारखे जे आहे ते पिशवीत मावणारे नाही. तेथले कारवीचे झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर ते २०२४ मध्ये फुलले. हा हिशेब माहीत असलेल्या माणसाने दिवाळीच्या ऑर्डरीसाठी भट्टी तापलेली असतानाच उघडू नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी. रविवारी जाणे टाळा. गाड्यांच्या गर्दीत आणि स्पीकरच्या आवाजात तुम्हाला हवे ते मिळणार नाही.

प्रश्न : पहिल्या पावसात जो मृद्गंध येतो, तोच वास कुंभारकामाच्या वर्गात मळलेल्या मातीलाही का येतो? आणि मिट्टी अत्तर खरोखर मातीपासून तयार होते का? (एक विद्यार्थी, नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : दोन्हीकडे मुख्य द्रव्य एकच आहे, जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस वर्गातले जिवाणू ते तयार करतात, आणि माणसाचे नाक त्याच्या बाबतीत इतके तिखट आहे की एक हजार अब्ज भागांत मोजके काही भाग असले तरी ते ओळखते. पावसाच्या वासात आणखीही काही मिसळलेले असते. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले की कोरड्या दिवसांत दगड आणि माती वनस्पतींपासून येणारी तेलकट द्रव्ये शोषून ठेवतात व ओल लागताच ती मोकळी करतात. तुमच्या वर्गातली माती ओली करून बरेच दिवस मुरवलेली असेल तर तिचा वास अधिक उग्र असतो, कधी तिच्यात काळपट डागही दिसतात. नवशिके ती नासली म्हणून टाकायला निघतात, पण जुने कुंभार अशाच मातीला अधिक लवचीक म्हणून पसंती देतात. ते डाग भट्टीत जळून जातात.

मिट्टी अत्तर मातीचेच असते. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे ते परंपरेने काढले जाते. तेथील अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तळ्यातल्या मातीचे तुकडे घडवून वाळवतात, भाजतात आणि पाण्यासह तांब्याच्या देगेत भरतात. झाकणाची फट मातीनेच लिंपून खाली जाळ लावला की वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते हा वास धरून ठेवते. पाणी वेगळे करून ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. कुंभाराचे आणि अत्तरवाल्याचे काम इतक्या जवळ येण्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मुंब्रा-पारसिकच्या डोंगराकडून जूनमध्ये येणारा वास आवडणाऱ्याने ते एकदा अवश्य हुंगावे, मात्र चंदनाच्या तेलात काढलेले असेल तरच. नुसत्या कृत्रिम जिओस्मिनच्या वासाला ही खोली नसते.

प्रश्न : गिऱ्हाईक वाळा किंवा मोगऱ्याचे अत्तर घालून ठेवण्यासाठी भांडी मागतात. कच्च्या मातीतच अत्तर मिसळले तर भाजल्यावर वास टिकेल का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : टिकणार नाही. सुगंधी द्रव्ये भट्टीच्या पहिल्या काही तासांतच उडून किंवा जळून जातात. १,००० अंशांच्या आचेत त्यांचा मागमूस राहत नाही. अत्तर भाजल्यानंतरच घालावे, आणि त्यासाठी ९०० ते १,००० अंशांपर्यंत भाजलेली, ग्लेझ न दिलेली लाल माती घ्यावी. ती सच्छिद्र राहते, तेल शोषून घेते आणि हळूहळू हवेत सोडते. स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजायची माती, १,२०० अंशांच्या वर जवळजवळ घट्ट होऊन जाते, म्हणून ते या कामाचे नाही. वाळ्याला अत्तराचीही गरज नाही. धुतलेल्या मुळांची लहान जुडी साध्या माठातल्या पाण्यात सोडली की पुरते. अत्तराच्या भांड्याखाली देण्याची बशी मात्र ग्लेझ दिलेलीच असावी, नाहीतर तेल झिरपून गिऱ्हाइकाच्या टेबलावर डाग पडेल आणि तक्रार तुमच्याकडे येईल.