मुंबईतल्या भूशास्त्र मंडळाच्या बैठकांना पदवी नसताना जावं का?

जावं. बी.कॉम. झालात म्हणून बिचकू नका.

तुम्ही विचारलंय की अशा मंडळात नक्की काय चालतं, भूशास्त्र न शिकलेल्या माणसाला तिथे कोणी विचारतं का, आणि दहा वर्षांच्या मुलीला सोबत नेलं तर चालेल का. मी डिप्लोमा सिव्हिल. नोकरी सगळी बोअरिंगच्या कामात गेली. इमारत उभी राहण्याआधी जमिनीत भोक पाडून खालच्या खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, वर काढायचा, कोअर बॉक्समध्ये ओळीने लावायचा, खोली लिहायची, तुकडे मोजायचे. मुंबईतल्या अशाच एका लहानशा मंडळात मी बरीच वर्षं जातोय. त्यामुळे 'पदवी नसताना' हे शब्द वाचल्यावर मला गप्प बसवेना.

मुंबईच्या खडकांवर सुरुवातीला लिहिलं कोणी ते बघा. जी. टी. क्लार्क हा रेल्वेच्या कामावर आलेला इंजिनिअर. त्याने मुंबई परिसराच्या भूशास्त्रावर लेख लिहिला आणि त्यालाच जोडून १८४७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईत सापडलेल्या बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन छापलं. त्यानंतर १८५२ मध्ये मुंबई बेटाचं सविस्तर भूशास्त्र लिहिलं हेन्री कार्टरने. तो डॉक्टर. म्हणजे एक इंजिनिअर, एक डॉक्टर. आज त्यांना मंडळाच्या दाराशी उभं करून पदवी विचारणार का?

आता बैठकीचं सांगतो. आमची बैठक महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात. आधी कोणाचं तरी व्याख्यान, मग चहा, मग टेबल. माझ्या मते खरी बैठक म्हणजे ते टेबल. ज्याने त्याने आणलेले दगड मांडायचे आणि हातभिंगाखाली बघत ओळखायचे. पांढरा स्फटिक दिसला की नवीन माणूस लगेच 'क्वार्ट्झ' म्हणतो. त्यावर चाकूचं टोक ओढायचं. ओरखडा उठला तर क्वार्ट्झ नव्हे. मग पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर कॅल्साइट, नाही तर बहुतेक झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातलं काहीतरी, कारण आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत तेच भरलेलं असतं. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे कांदिवलीच्या जुन्या दगडखाणीतला फिकट हिरवा प्रेह्नाइट आहे. ते तो दर वेळी रुमालात गुंडाळून आणतात आणि दर वेळी कोणीतरी तो पहिल्यांदा बघतं.

हिवाळ्यात सहली. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ठरलेली, कारण सुमारे २०० फूट उंच उभे बेसाल्टचे खांब, वर गावदेवीचं देऊळ आणि चारी बाजूंनी इमारती, असं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? (तिथे कोणी ६.६ कोटी वर्षं सांगितली तर मान डोलवू नका. दख्खनचा मुख्य लाव्हा त्या काळातला. ही टेकडी त्यानंतरची, साधारण ६ कोटी वर्षांची.) कान्हेरीला ज्वालामुखी ब्रेशिया, म्हणजे तुटक्या तुकड्यांचा जुळून झालेला खडक, बघायला जातो. फोर्टमध्ये इमारतींचे दगड बघत फिरतो. वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत कुर्ल्याचा दगड कुठला आणि मालाडचा कुठला, हे एकदा कळलं की माणूस त्या रस्त्याने सरळ चालूच शकत नाही. हे सगळं छान आहे, मी दर वर्षी जातो.

पण मुंबईतल्या मंडळाचं मुख्य काम हे नव्हे, यावर मी ठाम आहे आणि यावरूनच आमच्याकडे जुना वाद आहे.

मुंबईत उघडा खडक उरलाय किती? टेकड्यांवर घरं, किनाऱ्यावर भराव, खाणी बंद. शहराचा खडक आता दिसतो तो फक्त पायाच्या खड्ड्यात, आणि तोही थोडे दिवस. खोदाई झाली, पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) झालं, राफ्ट (पायाची सलग काँक्रीटची लादी) ओतली की तो पुढची शंभर वर्षं कोणाला दिसणार नाही. हे काही आजचं नाही. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या पातळीखाली गाडलं गेलेलं खैराचं जंगल सापडलं, बुंधे जागेवर उभे. खोदलं नसतं तर कळलं नसतं, आणि खोदताना कोणी बघितलं नसतं तरीही कळलं नसतं. आपल्या काळात मेट्रो ३ ची ३३.५ किलोमीटरची मार्गिका जवळपास सगळी जमिनीखालून गेली, मलबार हिलच्या पोटातून 'मावळा' यंत्राने कोस्टल रोडचे जुळे बोगदे काढले. रस्त्यांवरून डम्परच्या डम्पर खडक वाहून गेला. आमच्या शनिवारच्या टेबलावर त्यातले तुकडे किती आले, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

वरळी-प्रभादेवीच्या पट्ट्यात एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाचं बोअरिंग आमच्याकडे होतं. कोअर बॉक्स लावताना मला दोन बेसाल्टच्या मध्ये काळपट राखाडी शेलचा, म्हणजे गाळापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाचा, थर दिसला. जाडी जेमतेम दीड हात. ड्रिलरने त्याची गणती कुजलेल्या खडकात केली होती, कारण कोअर नीट आलाच नव्हता, खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटत होते. वरळीत असा थर म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. लाव्हाचा एक प्रवाह थांबला, पुढचा यायच्या आधी मधल्या काळात तळी साचली, तळाशी गाळ बसला, त्यात बेडूक, कासवं, शिंपले, झाडपाला. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून गेला. यालाच इंटरट्रॅपियन थर म्हणतात आणि ओवेनचा बेडूक वरळीच्या अशाच थरातला.

त्या शनिवारी मी बैठकीत उठून सांगितलं. खड्डा त्या खोलीपर्यंत येत्या आठवड्यात पोचणार, साइट इंजिनिअर ओळखीचा आहे, साताऱ्याचा मुलगा, आत घ्यायला तयार आहे, पण बुधवारी पीसीसी आहे, म्हणजे मंगळवारीच जावं लागेल. तेव्हाचे आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. सर म्हणाले, "अहो, असं ऐनवेळी कसं ठरवणार? तुम्ही अर्ज द्या, कार्यकारिणीपुढे ठेवू. आणि कोअरच्या तुकड्यावरून इंटरट्रॅपियन म्हणणं जरा धाडसाचंच आहे. ते काम तज्ज्ञांवर सोडा." मग हिमालयातल्या हिमनद्यांवरचं व्याख्यान सुरू झालं. व्याख्यान उत्तम होतं. हिमालय पुढच्या महिन्यातही तिथेच असणार होता.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मी, दादरच्या एक काकू आणि दुसऱ्या वर्षाला असलेला एक कॉलेजचा मुलगा. काकूंनी रजा टाकली नव्हती, त्या गृहिणी. दुपारचा स्वयंपाक लवकर उरकून आल्या होत्या. इंजिनिअरने हेल्मेट दिली आणि मुकादमाला सोबत पाठवलं. खड्ड्याच्या उत्तरेच्या भिंतीत थर स्वच्छ दिसत होता. वरचा बेसाल्ट काळा, कठीण, त्यातून पाणी पाझरत होतं. त्याच्या थेट खाली चार बोटं शेल भाजून निघालेला, नख लागत नव्हतं. वरून तापलेला लाव्हा येऊन बसला त्याचा तो पुरावा. त्याखाली शेल मऊ, ओला, नखाने पापुद्रा निघेल असा, आणि सगळ्यात खाली हिरवट राखेचा खडक. आडवी रेघ पश्चिमेकडे उतरत गेलेली, जशी मुंबईतल्या बहुतेक लाव्हाची उतरते.

काकूंनी एक पापुद्रा सोडवून भिंगाखाली धरला आणि मला हाक मारली. मिलिमीटरभर लांबीची चकचकीत कवचं, एकाला एक चिकटून, सगळा पापुद्रा भरून. ऑस्ट्राकॉड. गोड्या पाण्यातले, शिंपल्यासारख्या दोन कवचांत राहणारे इवलेसे जीव. कार्टरनेही वरळीच्या थरातून त्यांची नोंद केली होती. शेजारी कोळसा झालेल्या पानांचे तुकडे. बेडूक मिळाला नाही. मुकादमानेही भिंगातून बघितलं, मग खोदणाऱ्या पोरांना बोलावून दाखवलं. मुलाने टेप लावून फोटो काढले, मी प्रत्येक नमुन्याची खोली लिहिली, काकूंनी ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात भरले, कारण असा शेल वाळला की चुरा होतो. ठरल्याप्रमाणे बुधवारी पीसीसी झालं. आज तिथे तीन मजली पार्किंग आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही डबा टेबलावर ठेवला. सरांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, कवचं ओळखली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नमुने चांगले आहेत, पण हे पद्धतशीर संकलन नव्हे." मी तेव्हा गप्प बसलो, वयाचा मान म्हणून. आज इथे सांगतो. सर, खोली लिहिलेली होती, थरांचा क्रम लिहिलेला होता, फोटोत टेप होती, दिशा होती. पद्धतशीर म्हणजे आणखी काय हवं होतं? कार्यकारिणीची बैठक झाली त्या दिवशी तो थर काँक्रीटखाली होता. ज्या शहरात खडक आठवडाभर उघडा राहतो, तिथल्या मंडळाने आठवडाभरात हलायला शिकलं पाहिजे. व्याख्यान पुढे ढकलता येतं, खड्डा नाही.

आणि खड्ड्यापर्यंत पोचवतं कोण? तज्ज्ञ नव्हे. बोअरिंगवाला, साइट इंजिनिअर, आर्किटेक्टच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन, सोसायटीचा सेक्रेटरी. बी.कॉम. झालेला, बिल्डरकडे हिशेब बघणारा माणूस तर सोन्यासारखा. तुम्ही कुठे काम करता ते लिहिलं नाहीत, पण ओळखीत एखादा बांधकामवाला असेल तर मंडळाला तुमची जितकी गरज आहे तितकी तुम्हाला मंडळाची नाही. कुठल्याही मंडळात गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, गेल्या वर्षभरात तुम्ही कामाच्या दिवशी कुठला खड्डा बघायला गेला होता? उत्तर द्यायला लागणारा वेळच तुम्हाला काय ते सांगेल.

आता थोडं सावधपणाचं. परवानगीशिवाय साइटवर पाऊल टाकायचं नाही, हेल्मेट-बुटांशिवाय तर नाहीच, आणि पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेला अजिबात नाही, ओली भिंत सांगून कोसळत नाही. कान्हेरीला, घारापुरीला दगडाला हातोडी लावायची नाही, खाली पडलेलाही उचलायचा नाही. जागा आणि खोली न लिहिलेला नमुना कितीही देखणा असला तरी शोभेचाच, हे मला सरांनीच शिकवलं. सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ छेद कसा वाचायचा तेही त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांची व्याख्यानं चुकवू नका.

आमच्या मंडळाचं नाव-पत्ता इथे जाहीर देत नाही, वर्ग लहान आहे आणि शाळेने मेहेरबानीने दिलाय. निरोप पाठवा, कळवतो. मराठीतून विज्ञानाची व्याख्यानं ऐकायची असतील तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहेच, १९६६ पासून. पुढे मन लागलं आणि शोधनिबंध वाचावेसे वाटले तर बेंगळुरूच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं नियतकालिक बघा.

मुलीला जरूर आणा. टेबलापाशी आणि फोर्टच्या फेरीला. खड्ड्यात नाही, निदान अठरा पूर्ण होईपर्यंत. तिला एक हातभिंग घेऊन द्या, दहापट मोठं दाखवणारं पुरे. तिला गावाकडचे दगड गोळा करायची सवय असेल तर प्रत्येकावर कुठे उचलला ते चिकटपट्टीवर लिहून आणायला सांगा.