‘देवाला ठाऊक आहे’ एवढे पुरेसे आहे का?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) खजिनदार आहे. 2021 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, तेव्हा सुतारमळ्याकडची काही कुटुंबे आमच्या सभागृहात राहायला होती. मंडळीने जमवलेले पैसे मी दूध, औषधे, चादरी आणि टेम्पोभाड्यावर खर्च केले. घाईत पावत्या राहिल्या, वही भिजली आणि 18,000 रुपयांचा हिशेब आजही लागत नाही. मी एक पैसाही खाल्लेला नाही, हे देवाला ठाऊक आहे. तरी उपासना सुटल्यावर कुजबुज चालते. यंदा पाळकसाहेबांनी पूरमदतीचे काम पुन्हा मलाच सांगितले आहे. राजीनामा द्यावा का?

उत्तर :

प्रिय बंधू, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पैसे खाणारा माणूस न लागलेल्या हिशेबाचा आकडा आपणहून कोणाला कळवत नाही. मात्र ‘देवाला ठाऊक आहे’ या वाक्याने तुमच्या मनाला धीर येईल, मंडळीला येणार नाही. तिला मनातले दिसत नाही, तिला वहीच दाखवावी लागते.

नव्या करारातील प्रेषित पौलाने हेच ओळखले होते. यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्या वर्गणी जमवत होत्या, तेव्हा त्याच्याएवढ्या प्रेषितानेही ती रक्कम एकट्याच्या हातात ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर त्याने आणखी दोन बंधू पाठवले, त्यांपैकी एकाची निवड तर मंडळ्यांनीच केली होती, आणि करिंथकरांना लिहिले की प्रभूच्या दृष्टीने जे योग्य तेवढेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची आम्ही काळजी घेतो. त्याच्यावर आरोप झाल्यावर सुचलेली ही व्यवस्था नव्हती. बोट ठेवायला कोणाला जागाच राहू नये म्हणून ती आधीच केलेली होती.

कुजबुज करणाऱ्यांवर रागावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर प्रेषितांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी कोणाला गप्प केले नाही. सगळ्यांना बोलावले आणि सात माणसे तुम्हीच निवडा, असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले असावे, असे मला ती यादी वाचताना नेहमी वाटते.

म्हणून राजीनाम्याचे पत्र तूर्त बाजूला ठेवा. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या परवानगीने उभे राहा आणि 18,000 हा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगा. भिजून चिकटलेली पाने असतील तशी समोर ठेवा. एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडून मागच्या तारखेच्या पावत्या करून घेण्याचा मोह होईल, कोणी तसे सुचवीलही. त्या वाटेला मुळीच जाऊ नका, कारण आज तुमच्याकडून झाली आहे ती हयगय, आणि तशी एक पावती फाडली की ती लबाडी होईल. गुपचूप पदरचे पैसे भरूनही प्रश्न मिटवू नका. जुन्या करारातील यहूदाचा अधिपती नहेम्या याच्यापुढे कर्जबाजारी गरिबांचा आक्रोश आला, तेव्हा त्याने सभा भरवली आणि मी, माझे भाऊ व माझे चाकरही लोकांना पैसे व धान्य उसने देत आहोत, हे सर्वांसमक्ष सांगूनच व्याज सोडून देण्याची भाषा काढली. अधिपतीला मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नव्हता, तरीही दोष दाखवताना त्याने स्वतःला वेगळे काढले नाही. यरुशलेमेचा कोट 52 दिवसांत उभा राहिला, तो अशा माणसाच्या शब्दावर.

त्यानंतर यंदाचे काम तुमच्याकडे ठेवायचे की नाही, हे मंडळीला ठरवू द्या. ठेवले, तर आणखी दोघांना बरोबर मागून घ्या : एक कुजबुज करणाऱ्यांपैकी आणि दुसरी सुतारमळ्याच्या कुटुंबांतील एखादी बाई, जिला कोणाच्या घरी किती तोंडे आहेत हे पाठ असते. प्रत्येक खर्चाखाली दोन सह्या असाव्यात. रोज रात्री जेवणे आटोपली की दिवसाचा हिशेब सभागृहातच मोठ्याने वाचा. कोणी आणखी दूध मागितले तर पैसे कुठे गेले हे त्यालाही कळलेले असेल, आणि तुम्हालाही नाही म्हणताना मान खाली घालावी लागणार नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले की कोणाला बसून ऐकायला उसंत नसते. तेव्हा ही सभा त्याआधीच घ्या. नवी वही मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

तुमची ताई