एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) राखीव क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) खेळत असला की पंच त्याच्या बाजूने कमी फ्लॅग (फाउल दाखवणारे पिवळे रुमाल) टाकतात का?

नियमात तरी असा भेदभाव नाही. पासरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, नियमबाह्य धडक दिली की 15 यार्डांचा दंड आणि आपोआप फर्स्ट डाउन (हल्ला करणाऱ्या संघाला नव्याने चार प्रयत्न), मग तो स्टार असो वा काल संघात आलेला. शंका असेल तर पंचाने पासरलाच झुकतं माप द्यावं, असं नियमपुस्तकच सांगतं. फरक पडतो तो खेळण्याच्या पद्धतीने. नवखा खेळाडू रिसीव्हर (पास झेलणारा साथीदार) शोधत चेंडू हातात धरून बसतो, मग घाबरून पॉकेटबाहेर (साथीदारांच्या संरक्षक घेऱ्याबाहेर) पळतो. धावत राहिला की पायांवरच्या धडकेपासूनचं आणि चेंडू फेकल्यानंतरच्या उशिरा धडकेपासूनचं जादा संरक्षण गेलं. डोक्याचं आणि बाकीचं संरक्षण मात्र राहतं. त्यामुळे टीव्हीवर ‘फाउल’ वाटलेली धडक बऱ्याचदा वैध असते. शिवाय 40 सेकंदांच्या घड्याळात प्ले (पुढची चाल) सुरू करता आला नाही, तर त्याच्याच संघाला 5 यार्डांचा दंड. तो काही पंचांचा आकस नव्हे.

अर्थात निर्णय शेवटी माणसाच्या नजरेचा. 2015 मध्ये क्वार्टरबॅक कॅम न्यूटनने तर, फ्लॅग न टाकण्याचं कारण म्हणून ‘तू अजून तेवढा जुना झालेला नाहीस’ असं पंच एड हॉक्युली म्हणाल्याचा आरोप केला होता. हॉक्युलींनी तो नाकारला. आणि न्यूटन काही राखीव नव्हता!