शोषखड्डा तुंबलाय, काय करू?

प्रश्न: आमचं घर कोकणात, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा 12 वर्षांपूर्वी बांधलाय, टाकी एकदाही उपसली नाही. दोन पावसाळे झाले, संडासचं पाणी उतरतच नाही, खड्ड्याच्या कडेने काळं पाणी वर येतं, वासही येतो. नवीन खड्डा मारू का?

उत्तर: थांबा, आधी टाकी उपसून घ्या. ती 2-3 वर्षांनी उपसावी लागते, तुमची 12 वर्षं तशीच राहिलीये म्हणजे गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात गेलाय आणि मातीची छिद्रं त्या बुळबुळीत थराने बंद झालीयेत, त्यात नवा खड्डा मारलात तर तोही असाच तुंबणार. सक्शनची गाडी बोलवा, पण माणूस आत उतरवू नका, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही, आतल्या वायूने माणसं मरतात आणि कायद्यानेही बंदी आहे. उपसल्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपाचा टी (इंग्रजी T आकाराचा जोड) शाबूत आहे का ते बघा, बऱ्याचदा तोच तुटलेला असतो आणि वरची साय थेट खड्ड्यात जाते.

पागोळ्यांचं पाणी खड्ड्यापासून लांब वळवा, वॉशिंग मशीनचं पाणी माडांना सोडा. ॲसिड ओतू नका हो, त्याने मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. एवढं करूनही पाऊस संपल्यावर पाणी जिरत नसेल तर दुसरा खड्डा मारा, विहिरीपासून निदान 60 फूट लांब, आणि जुना वर्षभर कोरडा राहू द्या, बऱ्याचदा तो परत पाणी प्यायला लागतो.