जुन्या कॉम्प्युटरचा राऊटर: तुमचे प्रश्न

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): गावच्या वाचनालयात एक पेन्टियम ३ आणि एक पेन्टियम ४ पडून आहे. डोंगल (सिम घालायचा यूएसबी मॉडेम) लावून तीन मशीनला नेट द्यायचंय. पेन्टियम ४ घेऊ ना?

उत्तर: पेन्टियम ३ घ्या. राऊटरच्या कामात, म्हणजे एक कनेक्शन बाकीच्या मशीनना वाटण्यात, प्रोसेसर जवळपास रिकामाच बसतो, मीटर मात्र फिरत राहतं. १०० वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला ७२ युनिट होतात आणि पेन्टियम ४ मॉनिटरशिवायही त्याच्या आसपास खातो.

१२८ एमबी रॅम पुरते. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, पण त्याची 'लेगसी' आवृत्ती. 'जेनेरिक' पेन्टियम ४ आणि पुढच्यांसाठी आहे, ३ वर ती चालत नाही. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी आयडीई अडॅप्टरवर (आयडीई म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) सीएफ म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड बसवा आणि कार्डावर ओपनडब्ल्यूआरटी दुसऱ्या मशीनवर आधीच लिहून घ्या, कारण इतक्या जुन्या बोर्डावर पेन ड्राइव्हवरून बूट होण्याची आशा धरू नका. या बोर्डांवरचं यूएसबी बहुधा १.१, म्हणजे कमाल १२ एमबीपीएस. यूएसबी २.० चं पीसीआय कार्ड (बोर्डावरच्या खाचेत बसणारं) टाकलं की ती अडचण संपते. लॅन (आतल्या नेटवर्कच्या) कार्डातून वायर पाच पोर्टच्या नेटवर्क स्विचला, तिथून बाकीच्या मशीनना.

डोंगल आधी सीडीसारखा दिसला तर त्याला मॉडेम बनवणारं यूएसबी-मोडस्विच पॅकेज लागतं. मॉडेम म्हणून दिसू लागला की डायल नंबर *९९#, आणि एपीएन (मोबाइल नेटशी जोडायचं नाव) सिमच्या कंपनीचा.

प्रश्न (धारणी, जि. अमरावती): राऊटरवरून पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जातो, बाकीच्या मशीनवर पान उघडत नाही.

उत्तर: नवा इंटरफेस (डोंगलचं कनेक्शन) फायरवॉलच्या 'वॅन' म्हणजे बाहेरच्या नेटच्या झोनमध्ये टाकलाय का? बहुतेकदा हेच राहून जातं. दुसरं म्हणजे पत्त्यांची टक्कर. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतो. डोंगल स्वतःचं नेटवर्क काढणारा असेल आणि तोही त्याच पट्ट्यात असेल, तर लॅन १९२.१६८.१०.१ वर न्या.

प्रश्न (सिंदेवाही, जि. चंद्रपूर): लाइट जाऊन आली की मशीन बंदच राहते. आणि दुपारी नेट सुटतं.

उत्तर: बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) वीज परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग 'ऑन' ठेवा आणि 'हॉल्ट ऑन' ला 'नो एरर्स' द्या, नाहीतर कीबोर्ड नाही म्हणून मशीन तिथेच अडून बसते. तरीही दर वेळी तारीख जुनी दिसत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल गेलाय. त्यासोबत या सेटिंगही पुसल्या जातात.

दुपारचं कारण उष्णता असू शकतं. टिनाखाली मे महिन्यात डोंगल तापून लटकतो, तेव्हा तो कॅबिनेटमागून काढून खिडकीशी ठेवा. यूएसबी वायर जाड घ्या, ५ मीटरच्या आत. बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि डोंगल डेटा पाठवायला लागला की नेमका तेव्हाच तुटतो. सिग्नल बघायला मॉडेमला 'एटी+सीएसक्यू' (AT+CSQ) ही कमांड द्या. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे मोजता आला नाही. १० च्या खाली असेल तर आधी जागा बदला, मग सेटिंगकडे वळा.