धुळ्यात राहतो, घरात पाच जण. टू-व्हील ड्राइव्ह घ्यावी की ऑल-व्हील?

तुम्ही गरज नीट लिहिली आहे: राहायला धुळे, अधूनमधून नाशिक, शिरपूरकडे तापीकाठी शेत, वर्षातून एकदा तोरणमाळ. एवढ्यासाठी ऑल-व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी, घेऊ नका. टू-व्हील, म्हणजे ताकद दोनच चाकांना देणारी, घ्या आणि वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या टायरांवर खर्च करा. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "गाडी मिसेसही चालवतील, त्यांना ऑल-व्हील झेपेल का?" मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

मी शिक्षिका आहे. घर शहाद्याला, शाळा वर सातपुड्यात, धडगाव तालुक्यात. आठवडाभर वर राहायचं, शनिवारी खाली यायचं. मी जुनी डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे गरजेला दांडी ओढून चारही चाकांना ताकद देता येते ती गाडी, घ्यायचं ठरवलं तेव्हा माझे जेठ ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमाणसाला फोर-बाय-फोर कशाला? तिला ते झेपणार आहे का? आणि धडगावकडे क्रूझर जीप दिवसभर दोन चाकांवरच चढतात ना?" मिस्टर गप्प बसले. पगार माझा होता, गाडी मी घेतली.

क्रूझरचा मुद्दा खोटा नाही, म्हणून त्याचं उत्तर देते. क्रूझर, बोलेरो, पिकअप यांची मागची चाकं गाडी ढकलतात. मागे माणसं खच्चून भरलेली असतात आणि चढावर वजन आणखी मागे सरकतं, म्हणजे नेमकं त्याच चाकांवर येतं. ती जमीन धरून राहतात. हल्ली घरासाठी ज्या उंच गाड्या घेतल्या जातात त्यातल्या बहुतेकांची पुढची चाकं गाडी ओढतात. सपाटीला ते उत्तमच, इंजिनाचं वजन त्यांच्यावर असतं. पण गाडी भरलेली असताना उभा चढ आला की पुढचा भाग हलका होतो आणि ओढायचं कामही त्याच चाकांकडे. कागदावर दोन्ही टू-व्हील, डोंगरात मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक.

ओट्यावर हे कोणाला पटलं नाही. पुढे होळीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरून आम्हा सगळ्यांना जेवायचं बोलावणं आलं. पाडा डांबरीपासून बराच आत. शेवटच्या नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, ती ओलांडली की लगेच मुरमाचा उभा चढ आणि मध्येच वळण. मार्चचे दिवस, त्यामुळे चिखलाचा प्रश्न नव्हता, पण मुरूम सुटा झाला होता आणि त्यावर धुळीचा जाड थर. जेठांची नवी गाडी पुढे होती. आत ते, जेठाणी, मुलं, मामेसासरे, आणि डिकी पिशव्यांनी भरलेली. वळणावर पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. त्यांनी आणखी रेस दिली. खडे उडाले, क्लच जळाल्याचा वास सुटला, आणि ब्रेक दाबलेला असूनही गाडी हळूहळू मागे घसरू लागली. कडेला खाली नाला. मुलं ओरडायला लागली. मी पळत जाऊन मागच्या चाकांना दगड लावले आणि सगळ्यांना उतरवलं. रिकामी गाडीसुद्धा तो चढ घेईना.

वरून येणारा एक क्रूझरवाला म्हणाला, "दादा, रिव्हर्समध्ये चढवा." तो बरोबर सांगत होता. गाडी उलटी घातली की ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. पण त्या वळणावर उलटं चढायला जेठ तयार नव्हते. त्यांची गाडी फरशीपलीकडे लावली आणि माणसं, पिशव्या सगळं माझ्या गाडीतून फेऱ्या करून वर नेलं. फोर-एल (चारही चाकांना ताकद आणि सावकाश, जोरकस चालवणारा लो गिअर), पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जेमतेम. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "एवढी हळू चढते होय? मला वाटलं, जोरात न्यावी लागत असेल."

तर झेपण्यासारखं त्यात एवढंच आहे: गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, एक दांडी ओढायची. नव्या ऑल-व्हील गाड्यांत तेही नसतं, पुढची चाकं घसरली की मागच्यांना ताकद आपोआप जाते. जेठ आजही म्हणतात की त्या दिवशी मुरूम नवा टाकलेला होता. मुरूम जुनाच होता, मी त्या रस्त्याने वर्षभर जात होते.

आता तुमच्या जागा बघू. तोरणमाळला वरपर्यंत डांबरी आहे. सातपायरीच्या घाटात लागतो तो दुसरा गिअर आणि संयम. नाशिकच्या वाटेवरचा लळिंगचा घाट तर महामार्गच. राहिलं शेत. तापीकाठची काळी माती पावसात टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतं. मग दोन चाकं फिरायची तिथे चारही फिरतात. आमच्या पपईच्या मळ्यात माझी फोर-बाय-फोरसुद्धा मी जुलैत नेत नाही. तिथे फसलेल्या प्रत्येक गाडीभोवती जमलेली माणसं एकच सांगतात, "आता ट्रॅक्टरच लागीन भो." गाडी सडकेवर लावा आणि पायी जा.

"ऑल-व्हील घाटात जास्त सेफ" असं विक्रेता म्हणाला तर ऐकू नका. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ऑल-व्हीलने गाडी जागेवरून निघते चांगली, थांबत लवकर नाही. शिवाय वजन वाढतं आणि डिझेल-पेट्रोल जास्त लागतं. मारुतीची ग्रँड विटारा 2022 मध्ये आली तेव्हा मॅन्युअल पेट्रोलचा कंपनीचा आकडा टू-व्हीलला लिटरमागे 21.11 किलोमीटर आणि ऑल-व्हीलला 19.38 होता.

काही गोष्टी राहिल्या. ऑल-व्हील आणि माझ्यासारखी फोर-बाय-फोर एकच नाहीत. घरगुती ऑल-व्हीलमध्ये बहुधा लो गिअर नसतो. माझ्यासारखी घेतलीत तर कोरड्या डांबरीवर फोर-व्हील लावून ठेवू नका. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि ताण गिअरांवर येतो. चारही टायर सारखे ठेवा. आणि थार दिसली म्हणजे फोर-बाय-फोरच असं समजू नका, 2023 पासून ती मागच्या चाकांवरचीही मिळते. शेतरस्त्यावर चढ असेल आणि घरचे पाचही जण नेहमी बरोबर असतील, तर टू-व्हीलमध्ये मागची चाकं ढकलणारी गाडी आधी बघा.

टेस्ट ड्राइव्हला घरचे पाचही जण बसवा आणि शिरपूरच्या रस्त्याला जा. गाडी मिसेसना चालवू द्या, तुम्ही मागे बसा. त्या जी गाडी म्हणतील ती बुक करा, आणि तुमच्या घरात ओट्यावरून कोणी काही म्हणालं तर मिस्टरांसारखे गप्प बसू नका.